लिलावातले खापरपणजोबा

१

दुपारचं जेवण आटोपलं, की किशोर कंधारे दिवाणखान्यातल्या शिसवी खुर्चीत बसायचा, मोबाइल उघडायचा आणि मेलेल्या माणसांच्या वस्तू बघायचा. मुंबईच्या, कधी थेट लंडनच्या लिलावांचे कॅटलॉग त्याला यायचे. दोनशे वर्षांपूर्वीची घड्याळं, हंड्या, पानदानं, गोऱ्या साहेबांनी हौसेनं काढून घेतलेली चित्रं. बोली सुरू झाली की याचा अंगठा चालायचा. घोटावड्याची निम्मी जमीन कारखान्याला गेल्यावर त्यानं मुळशीच्या धरणाच्या वरच्या अंगाला बंगला बांधला होता. मोठ्या घराला भिंती फार असतात, आणि मोकळी भिंत त्याला बघवत नसे.

हौसेला मोल नाही हे खरं, पण त्याची हौस आंधळी नव्हती. लाकडाचा नुसता वास घेऊन तो पॉलिश कालचं की शंभर वर्षांचं ते सांगायचा. खुर्ची उलटी करून खिळे हातानं घडवलेत का ते बघायचा. त्याला फसवणं सोपं नव्हतं. ते काम तो स्वतःच करायचा.

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस त्यानं एक तैलचित्र घेतलं. साधारण १८२० सालचं. मराठा सरदार, नाव अज्ञात, बसलेला, मांड्यांपासून वर. डोक्याला पागोटं, एका कानात भिकबाळी. दुसरा, डावा कान मात्र फाटलेला. डाव्या भुवईवर पांढरा वण. डावा हात मांडीवर, आणि त्याला तीनच बोटं. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट मुळापासून नाही. उजवा हात खाली चौकटीच्या आत गेलेला. 'चित्राची स्थिती' या सदरात लिहिलं होतं, खालची कडा मागे दुमडलेली आहे. जुनं चित्र नव्या चौकटीत बसवायला लोक असं करायचेच, म्हणून किशोरनं ते वाचून सोडून दिलं. असल्या उग्र माणसाला भिंतीवर घ्यायला दुसरं कोणी धजलं नाही. दोन मिनिटांत हातोडा पडला.

चित्र लागलं त्या दिवशी किशोरनं त्याला नाव दिलं, हैबतराव. पुण्याहून पाहुणे आले तेव्हा तो सहज म्हणाला, की हे आमचे खापरपणजोबा. बोटं लढाईत गेली. उजवा हात तलवारीच्या मुठीवर आहे, तो चित्रात आलेला नाही. पाहुणे भिडस्त होते. त्यातल्या एका बाईंनी मान वाकडी करून चित्राकडे पाहिलं, किशोरकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "नाक अगदी तुमचंच आहे हो."

किशोरला त्या रात्री फार चांगली झोप लागली.

त्याचा चुलता गेणबातात्या घोटावड्याच्या जुन्या घरात राहायचा. महिन्यातून एकदा यायचा आणि नव्या वस्तूंना नावं ठेवून जायचा. या चित्रापुढे मात्र तो बराच वेळ उभा राहिला. "आपल्या खापरपणज्याला दोन येळचं खायला न्हवतं," तो म्हणाला. "त्याचं चित्र कोन काडनार? कुनाचा बाप टांगलायस ह्यो?"

किशोर हसला. त्याचा मुलगा निरंजनही हसला. सव्वीस वर्षांचा पोरगा, हिंजवडीला आयटीत, आठवड्यातले तीन दिवस घरूनच काम करायचा. बापाची ही थाप त्याला गमतीची वाटायची. एवढ्यावर थांबलं असतं तर एक बढाई म्हणून खपून गेलं असतं.

२

सर्वपित्रीचं पान दरवर्षी गेणबातात्याकडे असायचं. यंदा किशोर हट्टाला पेटला, बंगल्यावरच करायचं. त्याची बायको गौतमी पहाटेपासून वडे, खीर, भाज्या करत राबली. गुरुजींनी तीन पिढ्यांची नावं विचारली, किशोरनं सांगितली. तीन नावांचं पाणी सोडून झालं. मग दिवाणखान्यातले पाहुणे ऐकतायत हे बघून तो म्हणाला, "आणि हैबतराव." गुरुजींना काय, त्यांनी गोत्र लावून चौथं पाणीही त्याच्या हातून सोडवलं.

गेणबातात्या न जेवता उठला आणि घोटावड्याला निघून गेला.

एक पान गच्चीवर कावळ्याला ठेवलं होतं, दुसरं चित्रासमोर चौरंगावर. गच्चीवर कावळा फिरकला नाही. पाहुण्यांच्या पंगती मागच्या पडवीत बसल्या होत्या. तिथून उठून किशोर हात धुवायला निघाला, तेव्हा दिवाणखान्यातून त्याला चावण्याचा आवाज आला. सावकाश, तोंड मिटून जेवणाऱ्या माणसाचा. तो दारात आला आणि आवाज थांबला.

चौरंगावरचं पान उभं फाटलं होतं. खीर संपली होती. भाताच्या मुदीतून तीन बोटांनी घास ओढल्याच्या रेघा होत्या. अंगठा, त्याच्या शेजारचं बोट, मधलं बोट. उरलेल्या दोन बोटांच्या जागी भात तसाच उभा होता. मांजर, किशोर स्वतःशी म्हणाला. मांजराच्या पंजाला किती नख्या असतात ते त्यानं आठवून बघितलं. मग त्याच्या लक्षात आलं, की चित्राच्या बाजूनं बघितलं तर अंगठ्याची रेघ उजवीकडे येते. जेवणारा डाव्या हातानं जेवला होता.

त्यानं पान गुंडाळलं आणि कोणी बघायच्या आत बाहेर टाकून दिलं.

३

आठ दिवसांनी जिन्यातल्या खिडकीची झडप निरंजनच्या तोंडावर आपटली. वारा नव्हता. झाडाचं पानही हलत नव्हतं. सहा टाके पडले, डाव्या भुवईवर. डॉक्टर म्हणाले, डोळा वाचला, नशीब समजा. गौतमीनं पोराची दृष्ट काढली आणि किशोरनं सुतार बोलावून सगळ्या बिजागऱ्या बदलून घेतल्या.

त्यानंतर राजा. हा त्यांचा कुत्रा, नऊ वर्षांचा. निरंजन काम करायचा तेव्हा त्याच्या पायावर हनुवटी टेकून पडलेला असायचा. दसऱ्याच्या आदल्या दिवशी दुपारी निरंजन अंगणात आला आणि राजा उठून उभा राहिला. गुरगुरला नाही, भुंकला नाही. अनोळखी माणूस फाटकातून आत आल्यावर बघायचा तसं बघितलं त्यानं. मग झेप घेतली आणि निरंजनचा डावा कान धरला.

किशोरनं फावडं उचललं. पहिला घाव पाठीत बसला, कुत्र्यानं कान सोडला. तिथंच थांबता आलं असतं. पण पोराच्या मानेवरून रक्त वाहत होतं आणि बापाला दुसरं काही दिसत नव्हतं. तो मारत राहिला, दांडा मोडेपर्यंत. राजा शेवटपर्यंत किशोरला चावला नाही. तिसऱ्या का चौथ्या घावानंतर तो किशोरकडे बघून शेपूट हलवत होता. ते बघून गौतमीनं पदर तोंडात कोंबला.

दवाखान्यातून आल्यावर किशोर कपडेही न बदलता चित्रासमोर उभा राहिला. डावी भुवई. डावा कान. माणसाला भुवया दोन, कान दोन, त्यामुळे डावं येणं काही मोठं नवल नाही, असं त्यानं स्वतःला समजावलं. हिशेबी माणूस होता, समजूत घालायला त्याला वेळ लागत नसे. पण त्या रात्री जेवताना त्याची नजर पोराच्या ताटावरून हलेना. तो बोटं मोजत होता.

४

त्यानं एक शहाणपणाचं काम केलं. चित्रापासून लांब म्हणून निरंजनला गेणबातात्याकडे पाठवलं. घोटावड्याला इंटरनेट होतं, तिथून काम होण्यासारखं होतं. निरंजन कुरकुरला, पण गेला. गौतमी रोज डबा करायची आणि किशोर गाडी काढून तो पोचवायचा. एरवी तासभराच्या वाटेला नाकं मुरडणारा माणूस, पण आता न कंटाळता जायचा.

पाचव्या दिवशी अकराच्या सुमाराला तो पोचला तेव्हा गोठ्यासमोर कैलास हा गडी कडबाकुट्टीत वैरण घालत होता. निरंजन दहा-बारा पावलांवर उभा राहून फोनवर कोणाशी तरी हसत बोलत होता. डोक्याला पट्टी होती, तरी हसत होता. किशोरला बरं वाटलं. तो डबा घेऊन गाडीतून उतरला.

निरंजननं बोलणं मध्येच तोडलं आणि फोन खिशात ठेवला. मग तो मशिनकडे चालत गेला. घाई नाही, ओढ नाही. पंगतीत हात धुवायला पुढं करावा तसा त्यानं डावा हात पुढं केला. अंगठा आणि दोन बोटं मुठीत दुमडली. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट सरळ ठेवलं. हात आत सारला.

ओला बुंधा अडकावा तसं मशिन एकदा गुरगुरलं आणि पुन्हा नीट चालू लागलं. कैलासनं बटण दाबलं तोवर कापलेल्या कडब्यावर तांबडं शिंपण झालं होतं. कैलास बाजूला जाऊन ओकला. निरंजन ओरडलाच नाही. मनगट दुसऱ्या हातात गच्च धरून तो वळला. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि चेहरा लहान पोरासारखा घाबरलेला होता.

"अप्पा," तो म्हणाला, "मी नाही केलं."

दवाखान्याच्या वाटेवर गाडी कैलासनं चालवली. किशोर मागे पोराचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता. चूक माझी, चूक माझी, असं तो पिरंगुटपर्यंत पुटपुटत होता. पोराला शुद्ध नव्हती, म्हणून ते कोणी ऐकलं नाही.

५

आता संपलं असेल, असंही त्याला वाटलं. भुवई झाली, कान झाला, बोटं झाली. चित्रात आणखी काही उणं नव्हतं. दोनशे वर्षांपूर्वीच्या परक्या माणसाला हवं होतं ते मिळालं असेल, तर निदान पोरगं जिवंत राहिलं. असला सौदा मनात मांडताना त्याला स्वतःची शिसारी आली, पण मांडला त्यानं.

निरंजनला घरी आणल्यावर चार दिवसांनी त्यानं चित्र परत पाठवायचं ठरवलं. भर दुपारी, ऊन फरशीवर आलेलं असताना, त्यानं ते एकट्यानं खाली उतरवलं, पालथं केलं आणि चौकट सोडवली. खालची कडा लाकडी पट्टीवरून मागे घेऊन बारीक चुकांनी, इवल्याशा खिळ्यांनी, ठोकलेली होती. तशीच ठेवून बांधता आलं असतं. पण ज्यानं आयुष्यभर खुर्च्या उलट्या करून बघितल्या, त्याचा हात राहील कसा? चिमट्यानं एकेक चूक काढली. कापड करकरत उलगडलं.

वीतभर रंग, उन्हाचं तोंड न बघितलेला. कालच काढल्यासारखा ओला वाटणारा. त्यात उजवा हात होता. तलवार कुठंच नव्हती. हाताच्या मुठीत केस होते, पिकलेले, मुळापासून ताणलेले. केसांखाली कपाळ, कपाळावर गंध. त्याच्या खाली अर्धवट मिटलेले दोन डोळे आणि नाकाचा वरचा भाग. तेवढंच. त्यापुढं कापड कोणीतरी कात्रीनं कापून टाकलं होतं.

पण नाक ओळखू येत होतं. वर बसलेल्या माणसाचंही तेच होतं. त्याच घराण्यातलं, आधीच्या पिढीचं.

किशोरनं दोन बोटांनी स्वतःचं नाक चाचपलं. पाठीमागे जिन्यावर निरंजन उभा होता. कधी आला ते कळलं नव्हतं. तो कापडाकडे बघतच नव्हता. तो बापाच्या केसांकडे बघत होता.

६

त्यानंतरच्या दिवसांत निरंजन फार शांत झाला. जेवायचा, झोपायचा, हिंडायचा. दुखतंय का विचारलं तर मान हलवायचा. डाव्या हाताची पट्टी सुटली तसा तो त्याच हातानं जेवायला लागला. उजवा हात ताटाखाली, मांडीवर मिटलेला. गौतमीनं एकदा किशोरला स्वयंपाकघरात ओढून दार लावलं. "तो मला आई म्हणायचा थांबलाय. आणि माझ्याकडं बघतो ना, तर घरातल्या बाईकडं बघतोय असं नाही वाटत. दाराबाहेरच्या बाईकडं बघावं तसं बघतो."

किशोर गेणबातात्याकडे गेला आणि त्यानं सगळं सांगितलं. चित्र पेटवून देतो म्हणाला.

"जाळू नगस," तात्या म्हणाला. "अग्नी पोटच्यानं द्यायचा आस्तो. जाळलंस तर पुन्यांदा त्याचा झालास."

मग काय करायचं?

"पानी दिलंयस ना नावानं? मग तोडायचं बी पान्यानंच. भावकी गोळा कर. समद्यांम्होरं सांग की ह्यो आपला न्हाई. घागर भरून ठेव, ती मी डाव्या पायानं उलथी करतो. पूर्वी वाळीत टाकलेल्याच्या नावानं आशीच घागर उलथत." म्हाताऱ्यानं त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "लाज जाईल तुजी."

लाज गेली तर जाऊ दे, किशोर म्हणाला. मनापासून म्हणाला. पूर्वज विकत आणणं हे विकतचं दुखणं होतं, आणि त्याची किंमत पोराच्या अंगातून वसूल होत होती. त्याला निरंजन हवा होता. दुसरं काही नको होतं.

७

रविवारी सकाळी अकरा वाजता बंगल्याच्या अंगणात तीस-पस्तीस माणसं सतरंजीवर बसली. चित्र मध्ये खुर्चीवर, कडा उलगडलेली, भिंतीकडे तोंड करून. त्याच्यासमोर भरलेली घागर. गेणबातात्यानं नारळ सोलून ठेवला होता, कोयता बाजूच्या तिपाईवर होता. निरंजन आईशेजारी बसला होता. त्याला वर ठेवायचा विचार होता, पण तो आपणहून खाली आला आणि कोणाला त्याला हात लावावासा वाटला नाही.

किशोर उभा राहिला. बोलला सगळं. हे चित्र मी लिलावात घेतलं. नाव मीच ठेवलं. लढाई, बोटं, सगळी थाप. सर्वपित्रीला मी याला आपल्या गोत्रात ओढून पाणी दिलं, ते चुकलो. काही जण खाली बघत होते, काहींना हसू येत होतं. त्याला त्याचं काही वाटलं नाही. उलट आपण आत्ता आहोत त्याहून हलके कधीच नव्हतो, असं वाटलं.

त्यानं चित्र सगळ्यांकडे वळवलं. "हा आमचा कोणी नाही. आमचं रक्त नाही, आमचं नाव नाही."

तात्यानं पाय मारला. घागर आडवी झाली, पाणी फरशीवरून पसरत गेलं. बायकांनी पाय आखडून घेतले. अंगणात क्षणभर काहीच घडलं नाही, आणि किशोरला वाटलं, सुटलो.

मग माणसांच्या माना हळूहळू वळायला लागल्या. चित्राकडून निरंजनकडे. पुन्हा चित्राकडे. फाटका कान, भुवईवरचा वण, मांडीवर ठेवलेली तीन बोटं. दोघं इतके जवळजवळ कधी कोणी पाहिले नव्हते. हसू आलेल्यांची तोंडं मिटली. कोणीतरी पोराचा चेहरा बघून बापाचा चेहरा बघितला, आणि त्यात काही सापडलं नाही म्हणून नजर काढून घेतली.

निरंजन उठला. त्याचे डोळे भरले होते. आवाज त्याचाच होता, हिंजवडीहून फोन करून आज काय जेवायला केलंय विचारणारा.

"मग मी कोणाचा, अप्पा?"

गेणबातात्यानं किशोरचं मनगट पकडलं. त्याची नखं रुतली. "बोलू नगस," तो कानाशी म्हणाला. "आता तोडलंयस. पुन्यांदा जोडू नगस. गप उबा ऱ्हा, त्यो आपोआप जाईल."

कोण जाईल, ते म्हातारा बोलला नाही. पण किशोरला कळलं. गप्प राहिलं की समोरचा माणूस फाटकातून बाहेर पडेल, खाली धरणाच्या रस्त्यानं चालू लागेल आणि पुन्हा दिसणार नाही. आपली मान वाचेल. आणि त्याच्याबरोबर, त्या वणामागं, त्या फाटक्या कानामागं कुठंतरी, 'मी नाही केलं' म्हणणारं पोरगंही जाईल, एकटं, कोणाचं नसलेलं.

निरंजन वाट बघत होता.

"माझा," किशोर म्हणाला. "माझा आहेस तू."

तात्यानं मनगट सोडलं आणि दोन पावलं मागं सरला.

निरंजन पुढं आला. पाया पडायला येतोय असं लोकांना वाटलं असेल, पण तो वाकला नाही. त्यानं उजवा हात उचलून बापाच्या डोक्यावर ठेवला, आधी हलकेच. मग बोटं केसांत शिरली आणि मूठ आवळली. किशोरचं तोंड वर उचललं गेलं. डोळ्याच्या कोपऱ्यातून त्याला फरशीवर सरकणारं पाणी दिसलं आणि तिपाईवरच्या कोयत्याच्या मुठीवर एकामागून एक मिटणारी तीन बोटं दिसली. गौतमी धावली, तिला कोणीतरी मागे धरलं, आणि अंगणभर माणसं एकमेकांना तुडवत उठली.

किशोर पोराहून दांडगा होता. हिसडा दिला असता तर केस गेले असते, मान सुटली असती. त्यानं दोन्ही हात पुढं करून निरंजनची कंबर धरली, घोटावड्याच्या विहिरीत त्याला पोहायला शिकवताना धरायचा तशी, आणि सोडली नाही.